पाळीव प्राण्यांचे दयामरण

पाळीव प्राण्यांचे दयामरण म्हणजे असाध्य आजार, गंभीर इजा किंवा उपचारांनी न शमणाऱ्या वेदना यांनी ग्रासलेल्या पाळीव प्राण्याचे जीवन, त्याच्या पालकाच्या संमतीने, पशुवैद्याने औषधाच्या साहाय्याने वेदनारहित रीतीने संपवणे होय. कुत्रा आणि मांजर या घरात राहणाऱ्या प्राण्यांच्या संदर्भात हा शब्द प्रामुख्याने वापरला जातो. वैद्यकीयदृष्ट्या ही प्रक्रिया काही मिनिटांची असते. तिच्याआधीचा निर्णय आणि तिच्यानंतरचे दुःख मात्र दीर्घकाळ टिकणारे असते. ज्याच्या जीवनाविषयी निर्णय घ्यायचा तो प्राणी स्वतःची इच्छा शब्दांत सांगू शकत नाही, आणि निर्णय घेणारी व्यक्ती त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणारी असते. या दोन गोष्टींमुळे हा निर्णय इतर वैद्यकीय निर्णयांहून वेगळा ठरतो.

== संज्ञा ==

मराठीत या अर्थाने 'दयामरण' आणि 'सुखमरण' हे दोन शब्द रूढ आहेत. पाश्चात्त्य भाषांतील प्रतिशब्द 'चांगला' आणि 'मृत्यू' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. 'इच्छामरण' हा शब्द माणसांच्या संदर्भात वापरला जातो. प्राण्यांसाठी तो योग्य नाही, कारण त्यात मरणाऱ्याची स्वतःची इच्छा गृहीत धरलेली असते. बोलीभाषेत 'झोपवणे', 'इंजेक्शन देणे' किंवा 'सोडवणे' असे सौम्य शब्दप्रयोग ऐकू येतात. दीर्घ आजारानंतरच्या मृत्यूला मराठी माणूस 'सुटका' म्हणतो, आणि दयामरणामागील भावनाही बहुतांशी तीच असते. कायद्याच्या भाषेत प्राण्याला 'मालक' असतो; अलीकडे 'पालक' हा शब्द अधिक वापरला जातो. निर्णयाचा अधिकार पहिल्या शब्दात आहे, तर त्याची जबाबदारी दुसऱ्यात.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

=== पांजरपोळाची परंपरा ===

भारतात म्हाताऱ्या, जखमी आणि निरुपयोगी प्राण्यांना नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. गुजरात आणि महाराष्ट्रातील पांजरपोळ ही तिची संस्थात्मक रूपे होत. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली, तिच्यात पारशी समाज आघाडीवर होता. त्यानंतर १८३४ साली भुलेश्वर येथे मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. सर जमशेटजी जीजीभॉय हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. प्राण्याला मारायचे नाही, तर शेवटपर्यंत पोसायचे, हे या संस्थांचे मूळ तत्त्व होते.

=== प्राणिक्लेश प्रतिबंधाची चळवळ ===

इंग्लंडमध्ये १८२४ साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी पहिली संस्था स्थापन झाली. तिच्या प्रेरणेने निघालेल्या संस्थांची भूमिका वेगळी होती. प्राण्याचे दुःख टाळणे हे त्यांचे पहिले उद्दिष्ट होते आणि त्यासाठी वेदनारहित मृत्यू त्यांना त्याज्य वाटत नव्हता. मुंबईत अशी संस्था १८७४ साली निघाली. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जीव राखणे आणि दुःख टाळणे ही दोन्ही मूल्ये आजच्या भारतीय पालकाला वारशाने मिळाली आहेत. दयामरणाचा प्रश्न समोर येतो तेव्हा ती परस्परविरोधी वाटू लागतात.

=== साबरमती आश्रमातील वासरू ===

भारतात या विषयावरील सर्वांत गाजलेला वाद १९२८ साली झाला. साबरमती आश्रमातील एक वासरू गंभीर जखमी होऊन वेदनांनी तळमळत पडले होते. शक्य ते उपचार झाले होते आणि तज्ज्ञाने आशा नसल्याचे सांगितले होते. महात्मा गांधींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी चर्चा केली. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. जीव घेण्यामागे स्वार्थ असेल तर हा आक्षेप लागू पडतो, येथे तसा स्वार्थ नाही, असे गांधींचे उत्तर होते. अखेर डॉक्टरांकरवी विषाचे इंजेक्शन देऊन वासराचा अंत करण्यात आला. त्या वेळी गांधी स्वतः तेथे उपस्थित होते.

गांधींनी ही घटना 'नवजीवन' व 'यंग इंडिया' या नियतकालिकांत प्रसिद्ध केली आणि तिच्यावर संतप्त प्रतिक्रिया उमटल्या. रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालवणारा शल्यवैद्य हिंसा करत नाही, त्याप्रमाणे हेतू आणि परिणाम पाहूनच हिंसा-अहिंसा ठरवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील चर्चेत त्यांनी अशा कृतीसाठी चार अटी सांगितल्या: रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही मदत किंवा सेवा करणे शक्य उरलेले नसावे आणि रुग्णाला स्वतःची इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. प्राण्याच्या बाबतीत चौथी अट नेहमीच पूर्ण झालेली असते. म्हणून प्रत्यक्षात प्रश्न पहिल्या तीन अटींचा, त्यातही सेवेच्या शक्यतेचा उरतो.

=== भीतीपोटी दिलेले मरण ===

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये अवघ्या काही दिवसांत काही लाख कुत्र्या-मांजरांना त्यांच्या पालकांनी मरण दिले. हे प्राणी आजारी नव्हते. बाँबहल्ले आणि अन्नटंचाई यांच्या भीतीने लोकांनी पशुवैद्यांच्या दारात रांगा लावल्या होत्या. अनेक प्राणिहितवादी संस्थांनी घाई न करण्याचे आवाहन केले होते आणि पुष्कळांना नंतर या कृतीचा पश्चात्ताप झाला. प्राण्याच्या वेदनेऐवजी माणसाची चिंता निर्णायक ठरली की दयामरणाचा अर्थ कसा बदलतो, याचे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==

भारतात माणसाच्या बाबतीत सक्रिय दयामरण बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात (२०११) आणि त्यानंतर २०१८ च्या निकालात केवळ निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीवनरक्षक उपचार थांबवण्याला, अटींसह मान्यता दिली. प्राण्यांच्या बाबतीत मात्र सक्रिय दयामरणाला कायद्यात स्थान आहे.

* प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०: या कायद्याच्या कलम १३ मध्ये यातना भोगणाऱ्या प्राण्याचा अंत करण्याविषयी तरतूद आहे. क्रूरतेच्या गुन्ह्यात मालक दोषी ठरला आणि प्राण्याला जिवंत ठेवणे क्रूरपणाचे आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर न्यायालय तसा आदेश देऊ शकते. मालक उपस्थित नसेल किंवा संमती देत नसेल, अशा वेळी अत्यंत जखमी प्राण्याबाबत शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून त्याच्या प्रमाणपत्रानंतर व दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने कारवाई करू शकतो. मालकाने आजारी प्राण्याबाबत पशुवैद्याच्या सल्ल्याने घेतलेल्या निर्णयासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी या कायद्यात सांगितलेली नाही.
* क्रूर पद्धतींना बंदी: कलम ११ नुसार हृदयात स्ट्रिक्नीनचे इंजेक्शन देऊन किंवा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने प्राणी मारणे गुन्हा आहे. उपासमारीची वेळ येईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.
* भटकी कुत्री: प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार (२००१, सुधारित २०२३) असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्यालाच, पात्र पशुवैद्याकडून आणि मानवी पद्धतीने दयामरण देता येते. एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला मरण देऊ नये आणि विल्हेवाटीपूर्वी मृत्यूची खात्री करावी, असे या नियमांनी घालून दिले आहे. रेबीजची शंका असलेल्या कुत्र्याला लगेच मारण्याऐवजी वेगळे ठेवून निरीक्षणाखाली ठेवण्याची तरतूदही नियमांत आहे.
* वैद्यकीय अधिकार: भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. त्यामुळे घरच्या घरी, औषधविक्रेत्याच्या किंवा अप्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने केलेली अशी कृती दयामरण ठरत नाही.

शेजाऱ्यांची तक्रार, गृहनिर्माण संस्थेचा दबाव, स्थलांतर किंवा प्राण्याचे वय ही दयामरणाची वैद्यकीय कारणे नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

== निर्णयाचे निकष ==

=== असाध्य आणि केवळ भयावह ===

निर्णयातील पहिला प्रश्न निदानाचा असतो. काही आजार दिसायला भयंकर असूनही बरे होतात. जखमेत अळ्या पडणे, गोचीडजन्य ताप आणि भारतातील भटक्या कुत्र्यांत वारंवार आढळणारा संसर्गजन्य लैंगिक अर्बुद ही त्याची उदाहरणे होत. या अर्बुदातून रक्तस्राव होत असला, तरी व्हिन्क्रिस्टीन या औषधाला तो सहसा उत्तम प्रतिसाद देतो. मागील पाय लुळे पडलेला कुत्राही वेदना नसतील आणि मलमूत्राची काळजी घेणारे कोणी असेल, तर चाकांच्या गाडीच्या आधाराने समाधानाने जगू शकतो. याउलट वरवर शांत दिसणाऱ्या मांजराचे मूत्रपिंड अखेरच्या अवस्थेला पोहोचलेले असू शकते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांतील हाडांचा कर्करोग, शरीरभर पसरलेला कर्करोग, उपचारांना दाद न देणारे हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे निकामी होणे, आणि डिस्टेंपरनंतर सतत येणारे झटके ही दयामरणाचा विचार होण्याची नेहमीची कारणे आहेत. शंका असल्यास दुसऱ्या पशुवैद्याचे मत घेणे इष्ट मानले जाते.

=== वेदना ओळखणे ===

प्राणी ओरडत नाही म्हणून त्याला वेदना नाहीत, हा समज चुकीचा आहे. दुर्बलता लपवणे ही अनेक प्राण्यांची उपजत प्रवृत्ती आहे. अन्न नाकारणे, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली लपणे, अंग चाटणे बंद करणे, विश्रांतीतही धापा टाकणे, रात्री अस्वस्थपणे फिरणे, हात लावताच गुरगुरणे आणि दारावरच्या ओळखीच्या पावलांना प्रतिसाद न देणे ही वेदनेची लक्षणे असू शकतात. मांजराचे कान, डोळे, मुस्कट आणि मिशा यांच्या ठेवणीवरून वेदनेचा अंदाज बांधण्याची एक मापनपद्धती २०१९ साली कॅनडातील संशोधकांनी प्रसिद्ध केली. माणसांची वेदनाशामके घरच्या घरी देणे मात्र धोक्याचे असते. पॅरासिटामोल मांजराला प्राणघातक ठरू शकते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला अपाय करते.

=== जीवनमानाचे मोजमाप ===

अमेरिकन पशुवैद्य ॲलिस विलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली जीवनमान मोजण्याची पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण दिले जातात:

# वेदना व श्वसन: वेदना आटोक्यात आहेत का, श्वास सहज घेता येतो का
# भूक: प्राणी स्वतःहून किंवा भरवल्यावर पुरेसे खातो का
# पाणी: शरीरातील पाण्याचे प्रमाण टिकून आहे का
# स्वच्छता: मलमूत्रात पडून राहण्याची, शय्याव्रण होण्याची वेळ येते का
# आनंद: माणसांत, खेळण्यात, उन्हात बसण्यात त्याला रस उरला आहे का
# हालचाल: आधाराने तरी उठता-बसता येते का
# चांगले दिवस: वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का

एकूण गुण पस्तीसपेक्षा अधिक असतील तर काळजी घेत राहणे योग्य ठरते, असा ढोबळ संकेत आहे. हे गुण निर्णय देत नाहीत; ते पालकाला रोज प्राण्याकडे नीट पाहायला लावतात. रोज सोबत असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण जाणवत नाही. त्यामुळे दिनदर्शिकेवर चांगल्या व वाईट दिवसांची खूण करणे, किंवा त्या प्राण्याला प्रिय असलेल्या चार-पाच गोष्टी आधीच लिहून ठेवून त्यांपैकी किती उरल्या हे पाहणे, असे साधे उपायही सुचवले जातात.

=== शुश्रूषेचा पर्याय ===

दयामरण आणि आजार बरा करणारे उपचार यांच्यामध्ये शुश्रूषेचा मार्ग आहे. वेदनाशमन, त्वचेखाली सलाईन, मऊ व कोरडी बैठक, ठरावीक वेळाने कूस बदलणे आणि आवडीचे मऊ अन्न यांच्या आधारे काही प्राणी शेवटचे दिवस सुसह्यपणे काढतात व घरीच नैसर्गिकपणे मरतात. तथापि नैसर्गिक मृत्यू नेहमीच शांत असतो असे नाही. श्वास कोंडून किंवा झटके येऊन होणारा मृत्यू कष्टदायक असतो. म्हणून शुश्रूषा स्वीकारतानाच कोणत्या लक्षणानंतर थांबायचे, हे पशुवैद्याशी बोलून आधी ठरवून ठेवावे लागते.

खर्च आणि मनुष्यबळ हाही निर्णयाचा वास्तव भाग आहे. भारतात पाळीव प्राण्यांचा विमा अद्याप सर्वदूर रूढ नाही. बराचसा खर्च कुटुंबालाच करावा लागतो, आणि मोठ्या कुत्र्याला दिवसातून अनेकदा उचलणे वृद्ध पालकाला शक्य होत नाही. या मर्यादा मान्य करणे म्हणजे प्रेमाची कमतरता नव्हे. पशुवैद्याला त्या मोकळेपणाने सांगितल्यास धर्मादाय रुग्णालये किंवा कमी खर्चाचे उपचार यांचा विचार वेळेत होऊ शकतो.

== प्रक्रिया ==

दयामरण रुग्णालयात किंवा घरी दिले जाते. पशुवैद्य प्रथम प्राण्याची तपासणी करतो व पालकाची लेखी संमती घेतो. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

* प्राण्याला गुंगीचे औषध दिले जाते. काही मिनिटांत तो शांत होतो; निरोप घेण्यासाठी हा वेळ वापरला जातो.
* शिरेत सुई बसवली जाते.
* भुलीच्या औषधाची अतिरिक्त मात्रा शिरेतून दिली जाते. बार्बिट्युरेट वर्गातील पेंटोबार्बिटल हे यासाठीचे प्रमुख औषध आहे. प्राणी प्रथम बेशुद्ध होतो, नंतर श्वास थांबतो आणि पाठोपाठ हृदय बंद पडते.
* स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके आणि बुबुळाला स्पर्श करून प्रतिक्षिप्त क्रिया तपासून मृत्यूची खात्री केली जाते.

पेंटोबार्बिटल उपलब्ध नसेल तेथे आधी खोल भूल देऊन नंतर हृदय थांबवणारे क्षार देण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पोटॅशियम क्लोराइडसारखे क्षार शुद्धीवर असलेल्या प्राण्याला देणे सर्वथा अमान्य आहे. त्यामुळे आधी पूर्ण भूल दिली जाणार आहे का, हे विचारण्याचा पालकाला हक्क आहे.

मृत्यूनंतर डोळे उघडे राहणे, स्नायू फडफडणे, एखादा खोल श्वास घेतल्यासारखे दिसणे आणि मलमूत्र बाहेर येणे या स्वाभाविक शारीरिक क्रिया आहेत. त्या वेळी प्राण्याला काहीही जाणवत नसते. ही माहिती आधी न दिल्यास पालकाच्या मनात प्राणी तळमळला असा कायमचा ग्रह होऊ शकतो. जवळ थांबावे की नाही याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. ओळखीचा आवाज व स्पर्श प्राण्याला धीर देतो. पण जे थांबू शकत नाहीत त्यांना दोष देणे योग्य मानले जात नाही.

== मानसिक परिणाम ==

=== निर्णयापूर्वीचे दुःख ===

प्राणी जिवंत असतानाच त्याच्या मृत्यूचा शोक सुरू होणे याला पूर्वशोक म्हणतात. झोप न लागणे, सतत माहिती शोधत राहणे, एका दिवसात अनेकदा मत बदलणे ही त्याची रूपे आहेत. नैसर्गिक मृत्यू 'आपोआप' यावा आणि आपल्यावर निर्णयाची वेळ येऊ नये, अशी इच्छाही सार्वत्रिक आहे. कुटुंबातील मतभेद या काळात तीव्र होतात, कारण प्राण्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती आणि त्याला फक्त संध्याकाळी भेटणारी व्यक्ती यांना त्याची प्रकृती वेगवेगळी दिसते. अशा वेळी पशुवैद्याने सर्वांना एकत्र बसवून स्थिती समजावून सांगणे उपयुक्त ठरते. "आपल्याला काय सहन होईल?" या प्रश्नाऐवजी "उद्याचा दिवस या प्राण्यासाठी कसा असेल?" हा प्रश्न चर्चेला दिशा देतो.

=== अपराधभाव ===

इतर मृत्यूंच्या शोकाहून दयामरणाचा शोक वेगळा ठरतो तो अपराधभावामुळे. 'घाई केली' आणि 'उशीर केला' या दोन्ही टोचण्या एकाच व्यक्तीला एकाच वेळी जाणवू शकतात. अचूक क्षण असा नसतोच. असतो तो काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा काळ, ज्यात कोणताही दिवस निवडला तरी तो समर्थनीय असतो. काळजी घेतानाचे प्रत्येक पाऊल त्या वेळी उपलब्ध माहितीवर उचललेले असते, आणि नंतर कळलेल्या गोष्टींनी त्याचा न्याय करणे योग्य नसते. अपराध वाटणे हा अपराध घडल्याचा पुरावा नाही. तो पुष्कळदा जबाबदारीच्या जाणिवेचा परिणाम असतो. प्राण्याला आपली फसवणूक झाली असे वाटले असेल, ही भीतीही सामान्य आहे; मात्र गुंगीत जाणाऱ्या प्राण्याला पुढे येणाऱ्या मृत्यूचे भाकीत करता येते, असे मानण्यास आधार नाही.

=== अमान्य शोक ===

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाची संकल्पना १९८० च्या दशकात मांडली. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख हे त्याचे ठळक उदाहरण आहे. माणूस गेल्यावर सुतक, दहावा-तेरावा, भेटायला येणारे नातेवाईक अशी शोकाची चौकट मराठी समाजात असते. कुत्रा किंवा मांजर गेल्यावर यांपैकी काहीच नसते. दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते आणि "दुसरा आण" हा सल्ला ऐकावा लागतो. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही पोकळी अधिक मोठी असते, कारण प्राण्याबरोबर फिरायला जाण्याची वेळ, त्या वेळी भेटणारी माणसे आणि घरातील बोलणे हे सर्व एकाच वेळी थांबते.

रिकामी भांडी, पट्टा किंवा गादी लगेच न हलवणे, छायाचित्र लावणे, रोप लावणे, प्राण्याविषयी लिहिणे, त्याच्या नावाने पांजरपोळास दान देणे अशा लहान कृतींनी शोकाला वाट मिळते. नवीन प्राणी केव्हा आणावा याला ठरावीक मुदत नाही. गेलेल्याची जागा भरण्यासाठी आणलेल्या प्राण्याची मात्र सतत तुलना होत राहते. झोप, भूक किंवा दैनंदिन व्यवहार दीर्घकाळ विस्कळीत राहिल्यास अथवा जगण्याची इच्छा मावळल्यास मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे आवश्यक असते. भारत सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

=== मुले ===

मृत्यू परत न फिरणारा आहे, ही समज मुलांना साधारणतः पाच ते सात वर्षांच्या सुमारास येऊ लागते. लहान मुलाला 'मोती झोपला' असे सांगितल्यास त्याला स्वतःच्या झोपेची भीती वाटू शकते. 'पळून गेला' असे सांगितल्यास ते वाट पाहत राहते, आणि खरे कळल्यावर मोठ्यांवरील विश्वास डळमळतो. 'शरीर फार आजारी होते, ते बरे होणार नव्हते, त्याला दुखू नये म्हणून डॉक्टरांनी औषध दिले आणि तो मेला' असे सरळ सांगणे योग्य मानले जाते. सर्दी-तापाच्या आजारात माणसांना असे औषध देत नाहीत, हेही स्पष्ट करावे लागते. मुलाला निरोप घेण्याची संधी द्यावी. निर्णयाचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये.

=== पशुवैद्य ===

ज्या हातांनी पिल्लाला पहिली लस टोचली त्याच हातांनी त्याच्या म्हातारपणी अखेरचे औषध देण्याची वेळ पशुवैद्यावर येते. बऱ्या होऊ शकणाऱ्या प्राण्यासाठी दयामरणाची मागणी आली, किंवा यातनेतील प्राण्यासाठी पालक नकार देत राहिला, तर त्याला नैतिक ताण सोसावा लागतो. निरोगी प्राण्याला केवळ सोयीसाठी मरण देण्यास पशुवैद्य नकार देऊ शकतो.

== धार्मिक व नैतिक दृष्टिकोन ==

जैन परंपरेत जीवहत्या सर्वथा निषिद्ध आहे. सल्लेखना हे व्रत व्यक्ती स्वेच्छेने स्वतःपुरते स्वीकारते. दुसऱ्या जीवासाठी तो निर्णय घेता येत नाही. त्यामुळे बहुतेक जैन पालक अखेरपर्यंतच्या शुश्रूषेला प्राधान्य देतात. बौद्ध धर्मातील पहिले शील जीव न घेण्याचे आहे. त्याच वेळी करुणेलाही तेथे मोठे स्थान आहे. हिंदू समाजात भोग भोगूनच संपतात या कर्मविचाराच्या आधारे दयामरणाला विरोध केला जातो, तर भूतदयेच्या आधारे त्याचे समर्थनही होते. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. शरण आलेल्याचा त्याग न करणे हा त्या कथेचा आशय दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. एका बाजूला त्याग न करणे म्हणजे शेवटपर्यंत जगवणे, तर दुसऱ्या बाजूला शेवटच्या क्षणीही जवळ थांबणे.

प्राण्याला भविष्याची कल्पना नसते, तो फक्त आजची वेदना भोगतो, म्हणून ती लांबवण्यात अर्थ नाही, असा एक युक्तिवाद आहे. जगण्याची ओढ शब्दांवाचूनही व्यक्त होते, म्हणून ती असेपर्यंत थांबावे, असा दुसरा. दोन्ही युक्तिवादांत प्राण्याच्या हिताला पालकाच्या सोयीपेक्षा वरचे स्थान आहे.

== अंत्यविधी व विल्हेवाट ==

दयामरणासाठी वापरलेले पेंटोबार्बिटल मृतदेहात दीर्घकाळ टिकते. असा देह उघड्यावर टाकल्यास तो खाणारी कुत्री, कोल्हे व गिधाडे यांना विषबाधा होते. म्हणून दहन किंवा प्राणी उकरू शकणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात, विहीर व जलस्रोतांपासून दूर दफन करणे आवश्यक असते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाड येथे लहान प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली. इतर शहरांत महानगरपालिका किंवा प्राणिहितवादी संस्था यांच्याकडे चौकशी करावी लागते. शोकाच्या क्षणी ही धावपळ टाळण्यासाठी व्यवस्था आधीच ठरवून ठेवणे सोयीचे ठरते. घरात दुसरा प्राणी असल्यास तो काही दिवस सोबत्याला शोधतो, कमी खातो. काही पशुवैद्य त्याला मृतदेहाचा वास घेऊ देण्याचा सल्ला देतात.

== साहित्यात ==

जॉन स्टाइनबेक यांच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या कादंबरीत कँडी या वृद्ध मजुराचा म्हातारा कुत्रा दुसरा मजूर गोळी घालून मारतो. ते काम आपणच करायला हवे होते, परक्याला करू द्यायला नको होते, अशी खंत कँडी नंतर व्यक्त करतो. फ्रेड गिप्सन यांच्या 'ओल्ड येलर' (१९५६) मध्ये रेबीजची लागण झाल्याची शंका असलेल्या कुत्र्याला मारण्याची जबाबदारी एका मुलावर येते. जे. एम. कुट्सी यांच्या 'डिसग्रेस' (१९९९) या कादंबरीचा नायक प्राण्यांच्या दवाखान्यात दयामरणाच्या वेळी मदतनीस म्हणून काम करतो आणि मृत कुत्र्यांच्या देहांची विटंबना होऊ नये म्हणून त्यांचे दहन स्वतः करतो. या तिन्ही कृतींत मरण अटळ आहे; ते कोणाच्या हातून आणि कोणाच्या सोबतीत यावे, हा त्यांतील समान प्रश्न आहे.

== हेही पाहा ==

* दयामरण
* अहिंसा
* पांजरपोळ
* प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०
* भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ
* रेबीज
* शोक